आधी वैऱ्याचं नाव

सदर बाजार, लखनौ
१२ सप्टेंबर १९८२

चि. मृणाल,

जावईबापू धनंजयरावांचं कार्ड काल मिळालं. बातमी वाचली आणि स्टोव्ह तसाच ठेवून खाली मायावहिनींना सांगायला धावले. त्यांनी आधी माझ्या तोंडात साखर घातली आणि मग विचारलं, "बाई, वर काही जळतंय का?" डाळ जळली होती. जळू दे, रोजच जळत नाही.

बातमी तू स्वतः लिहिली असतीस तर जास्त गोड लागली असती. पण तक्रार करायला बसले नाही. लग्न होऊन दीड वर्ष झालं, तुझ्या पत्रांत 'आम्ही मजेत आहोत' यापलीकडे काही नसतं. तेही नसण्यापेक्षा बरं.

आता नीट ऐक. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुझ्या सासरी नगरला आहे, लखनौत आहे आणि जिथं आई आहे तिथं सगळीकडे आहे. दिवस फेब्रुवारीत भरतात ना? मग नाताळ होताच ये. जावईबापू मनमाडला गाडीत बसवून देतील, मी इथं चारबाग स्टेशनवर उतरवून घेईन. एवढी वर्षं दवाखान्यात दुसऱ्यांची मुलं या हातांनी झेलली. माझंच नातवंड मी सोडून भलत्याच नर्सच्या हातात जावं, हे बरं दिसतं का?

माझं ठीक चाललंय. दवाखाना सुटला, पण मोहल्ला कुठं सोडतोय? कुणाला इंजेक्शन, कुणाची मलमपट्टी. एक म्हातारे पेशंट आहेत, लकवा झालेले. त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ जावं लागतं. गुडघे कुरकुरतात, पण जाते. पुढची खोली तुझ्यासाठी झाडून-पुसून ठेवते आहे.

तुझी आई


९ ऑक्टोबर १९८२

मृणाल,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं आणि त्यातली एक ओळ, 'म्हातारे पेशंट कोण?' तुला वकील करायला हवं होतं. इथं असताना मी मराठीत विचारायचे आणि तू हिंदीत उत्तर द्यायचीस. आता रागावतेस ते शुद्ध मराठीत. सासरच्यांनी हे एक काम चांगलं केलं.

तुला खोटं सांगणार नाही. पेशंट म्हणजे हरिहर दुबे. हो, तेच.

मी विसरले असं समजू नकोस. तुझे पप्पा गेले त्या वर्षीचा नाताळ झालाच नव्हता. जानेवारीत पप्पांच्या नोकरीवर मिळालेला क्वार्टर खाली करायचा हुकूम आला. मी दुबेंकडे गेले. शेजारचा क्वार्टर त्यांचा आणि क्वार्टरांचे कागद हलवणारे बडे बाबूही तेच. म्हटलं, मुलीची बोर्डाची परीक्षा आहे, तेवढी होऊ द्या. इतरांना मुदत मिळालेली मी पाहिली होती. ते म्हणाले, "नियम तो नियम है, बहनजी." चार दिवसांनी आपलं सामान रस्त्यावर होतं आणि तू त्या हिरव्या ट्रंकेवर बसली होतीस. धुकं होतं. दुबे चहाचा कप हातात घेऊन बाहेर आले आणि आपल्याकडे बघत सावकाश चहा प्यायले. पुढच्याच आठवड्यात क्वार्टरात त्यांचा पुतण्या राहायला आला. तुझी परीक्षा गेली, वर्ष गेलं. सगळं आठवतं मला.

त्याआधीही तो माणूस साधा नव्हताच. आपल्या घरचं पाणी प्यायचा नाही. नाताळचा बडा दिन आला की पप्पा करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट त्याच्याकडे पाठवायचे, तो ते जसंच्या तसं झाडूवालीला द्यायचा आणि ताट राखेनं घासून परत पाठवायचा. ताट रिकामं परत करू नये, एवढंही त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी का जाते? ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. वाचून परत फिरणार होते. पण पत्ता आपल्या जुन्या गल्लीतला, पाय सवयीनं वळले. बघते तर बायको वारलेली, मुलगा दिल्लीला आणि हा खाटेवर उजवी बाजू लुळी पडलेला. इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी खिचडी नेली. त्यानं विचारलं, "बनाई किसने?" म्हटलं, मी. मग त्यानं ती डाव्या हातानं खाल्ली.

एवढंच आहे. तू ये.

आई


४ नोव्हेंबर १९८२

मृणाल,

'त्या माणसाला डबा देत असशील तर मी येणार नाही,' असं तू लिहिलंस. पत्र तीनदा वाचलं, प्रत्येक वेळी अक्षर मोठं दिसलं.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. डबा हे निमित्त. मूळ दुखणं ती प्रार्थना. पप्पा जेवायला बसण्याआधी मोठ्यानं प्रार्थना करायचे आणि त्यात पहिलं नाव वैऱ्याचं घ्यायचे. 'प्रभू, आमचे वैरी हरिहर दुबे यांना आशीर्वाद दे.' मग आजारी लोक, मग चर्चची मंडळी आणि अगदी शेवटी आपण. मी म्हणायचे, पोरगी भुकेली आहे, आधी तिचं नाव घ्या. ते म्हणायचे, "घरच्यांसाठी कुणीही मागतं यमुना. पोट भरलं की वैरी विसरायला होतो, म्हणून त्याचं आधी." तू डोळे किलकिले करून पोळीकडे बघत असायचीस, ते मला दिसायचं आणि हसू यायचं.

पप्पा गेल्यावर मी ते तसंच चालू ठेवलं. त्यांची तेवढीच एक गोष्ट हातात उरली होती. क्वार्टर सुटल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी, या सदर बाजारातल्या खोलीत, मी दुबेचं नाव घेतलं आणि तू ताटावरून उठलीस. त्यानंतर लग्न होईपर्यंत तू माझ्याबरोबर जेवली नाहीस. मी तुला म्हणाले होते, प्रभूनं सांगितलंय, आपण कोण मोडणारे? तू म्हणालीस, "प्रभु से कहो, आकर ट्रंक पर बैठे."

खरं सांगते, दुबेबद्दल मला प्रेम वाटत नाही. एक दिवसही वाटलं नाही. पाद्रीसाहेबांना मी हे स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, वाटायची वाट बघू नका, करत राहा. तेव्हा करते आहे. थकते. मायावहिनी म्हणतात, "तुमचा देव तुम्हाला फार राबवतो बाई. आमच्यातही वैर धरू नका सांगितलंय, पण डबा पोचवा असं कुठं सांगितलेलं नाही." त्या बौद्ध, नागपूरच्या, तोंडाच्या फटकळ. पण इथं मराठीत चेष्टा करणारं दुसरं आहे कोण?

पुढच्या खोलीला पडदा लावून घेतलाय आणि तुझी खाट आतल्या खोलीत, माझ्याशेजारी हलवली आहे. आत ऊब जास्त. डबा आता न्यावा लागत नाही, तेव्हा ती तुझी अट मिटली असं समज.

आई


२८ नोव्हेंबर १९८२

मृणाल,

मायावहिनींनी तुला कळवलं तर. त्यांच्यावर रागावले नाही. मीच पडद्याआड लपवत होते, आणि पडदा काय, फुंकरीनं हलतो.

होय. दुबे आपल्या पुढच्या खोलीत आहेत. 'आहेत' लिहिताना लेखणी अडखळते, पण म्हातारा माणूस आहे.

झालं असं. नोकरी संपलेली, मुदतही संपली. ऑक्टोबरच्या अखेरीस मी इंजेक्शन घेऊन गेले तर त्या क्वार्टरसमोर त्याचं सामान रस्त्यावर. खाटेसकट तोही. गल्लीतले लोक नमस्कार करून बाजूनं निघून जात होते. मुलाचं पत्र होतं, दिवाळीनंतर येतो. मृणाल, मला आनंद झाला. चांगला पोटभर आनंद झाला. नळाच्या कट्ट्यावर बसले आणि मनात म्हटलं, नियम तो नियम है. फक्त चहा हातात नव्हता. मग त्यानं मान वळवली. तोंडावर माशी बसली होती, धड असलेला डावा हात गाठोड्याखाली अडकलेला आणि त्याला ती उडवता येत नव्हती. एवढं वय नर्स म्हणून गेलं, माझ्याच्यानं ते बघवेना. मी माशी उडवली आणि तिथंच फसले. माशी उडवल्यावर माणसाला तसंच टाकून घरी कसं यायचं? रिक्षावाल्याला बोलावलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत झाली माझी. दिवाळी होऊन गेली, मुलगा आला नाही. त्यानं पत्राला उत्तरही दिलेलं नाही.

आता पुढचं ऐक, हे मायावहिनींनाही ठाऊक नाही.

संध्याकाळी मी प्रार्थना करते ती मोठ्यानं, तशीच सवय आहे. पडदा मध्ये असला तरी ऐकू जातंच. परवा मी ताट घेऊन गेले तर त्यानं विचारलं, जड जिभेनं, "सिस्टर, आपकी प्रार्थना में रोज़ मेरा नाम आता है. उसके पहले 'वैरी' आता है. बैरी? मैं?"

म्हटलं, हो, तुम्ही.

"मैंने आपका क्या बिगाड़ा?"

मी ताट खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. जानेवारी, धुकं, परीक्षा, ट्रंक, चहाचा कप. सांगताना माझा आवाज चढला. त्यानं ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाला, "चाय तो मैं रोज़ पीता था. क्वार्टर खाली कराया होगा. मेरा काम था वो. कितने ही कराए."

बस्स. एवढंच. इतकी वर्षं आपण ज्याला वैरी म्हणून देवापुढे उभं करत होतो, त्याला ठाऊकच नव्हतं की तो आपला वैरी आहे. पप्पा मला सांगून गेले नाहीत, की माफी कुणी मागितलीच नाही तर ती द्यायची कुणाला? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, दुःखानं नव्हे, संतापानं. दुसऱ्या दिवशी त्याच्या भाजीत मुद्दाम मीठ घातलं नाही. त्यानं ती मुकाट खाल्ली. मग आठवलं, डॉक्टरांनी त्याला मीठ बंदच केलेलं आहे. सूड घ्यायला गेले आणि पथ्य पाळलं गेलं. हसलीस तर हस.

मी त्याला कुठं टाकू, तूच सांग. पाद्रीसाहेबांनी दोन ठिकाणी विचारून पाहिलं, अंथरुणाला खिळलेला माणूस कुणी घेत नाही. आतली खोली तुझी आहे. तुला त्याचं तोंडही बघावं लागणार नाही. ये ग.

आई


२७ डिसेंबर १९८२

मृणाल,

तुझं पत्र बरोबर बड्या दिवसाच्या आदल्या दिवशी आलं. करंज्या तळत होते. वाचेपर्यंत कढईतला घाणा काळा झाला.

तू लिहिलंस ते पुन्हा इथं उतरवते, म्हणजे मी ते नीट वाचलं हे तुला कळेल. 'मी तुझी वैरी असते तर बरं झालं असतं. पप्पांच्या प्रार्थनेत माझा नंबर पहिला लागला असता. मला काही झालं असतं तर तू डबा घेऊन धावत आली असतीस. मी तुझी मुलगी आहे, म्हणून मीच समजून घ्यायचं, मीच थांबायचं. मी येणार नाही. बाळंतपण इथंच होईल. सासूबाई करणार आहेत.'

उपासनेला गेले. पाद्रीसाहेब काय बोलले ते कानांवरून गेलं. प्रभुभोजनाला सगळे उठले, मी बाकावरच बसून राहिले. शेजारणीनं विचारलं, तबियत ठीक नहीं? मी मान हलवली. वेदीपाशी जाण्याआधी ज्याचं आपल्याशी वाकडं आहे त्याच्याकडे जाऊन यावं, हे लहानपणापासून ऐकलंय. मी नेहमी मनात दुबेचा हिशेब लावायचे आणि वाटायचं, त्याचं तर आपण करतोच आहोत. परवा बाकावर बसून पहिल्यांदा दुसरं नाव आलं. ते नाव कधी त्या ओळीत असेल असं वाटलंच नव्हतं.

घरी येऊन ताट भरलं. जळक्या करंज्या बाजूला काढून चांगल्या दुबेंना दिल्या. त्यांनी दोन खाल्ल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडात आपल्या घरची करंजी गेली. म्हणाले, "अच्छी है. हर साल बनाती थीं?" मी म्हटलं, हर साल तुमच्या दारात येत होती.

मला मात्र गोड काही गेलं नाही. जावईबापूंना आणि तुझ्या सासूबाईंना नाताळचा सलाम सांग. तुला काय सांगू ते कळत नाही. स्वेटर घालत जा, नगरलाही पहाटे गारठा असतो.

आई


९ जानेवारी १९८३

मृणाल, माझ्या पोरी,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी गाडीत असेन. येऊ नकोस म्हणून लिहायला तुला वेळ मिळू नये, म्हणून मुद्दाम असं करते आहे.

मी येते आहे. मुलगी माहेरी येत नसेल तर माहेरानं तिच्याकडे जावं. रीत नाही, ठाऊक आहे. तुझ्या सासूबाई नाक मुरडतील, मुरडू देत. त्यांच्या स्वयंपाकघरात मी लुडबूड करणार नाही. तुझं अंग चोळून देईन, बाळाला न्हाऊ घालीन, सांगाल तिथं झोपेन. नर्स आहे, म्हणून एक बाई जास्त आली असं समजा.

हे कशानं ठरलं ते सांगते. परवा संध्याकाळी प्रार्थनेला उभी राहिले. सवयीनं जिभेवर त्यांचं नाव आलं आणि मी ते गिळलं. म्हटलं, प्रभू, माझी मुलगी मृणाल. तुझंच नाव कितीतरी वेळ घेत राहिले. पोळी गार झाली. पडद्यापलीकडून आवाज आला, "सिस्टर, आज मेरा नाम नहीं?" मी म्हटलं, थांबा. आधी लेकीचं. तू थांबायचीस ना भुकेली, तसं त्यांना थांबवलं.

ताट घेऊन गेले तेव्हा ते म्हणाले, "वही बिटिया न, जो ट्रंक पर बैठी थी? स्वेटर उल्टा पहने थी."

मी वाटी तिथंच ठेवून बाहेर आले.

म्हणजे त्यांना आठवतं. कामाचा भाग, कितीतरी क्वार्टर खाली केले, हे सगळं नुसतं बोलायचं. चहा पिताना त्यांनी तुला बघितलं होतं, शिवण बाहेर आलेला स्वेटरसुद्धा बघितला होता आणि तरी कप संपवून ते आत गेले. मला इतका राग आला की पुन्हा तो मिठाचा सूड घ्यावासा वाटला. आणि त्याच वेळी वाटलं, यमुना, तुला कुठं आठवतंय? मी ट्रंका मोजत होते, हातगाडीवाल्याशी भांडत होते, गर्दीसमोर आपण कसे शांत आहोत ते दाखवत होते. पप्पांची बायको आहे, वैऱ्यासमोर कशी वागते ते लोक बघताहेत, हेच डोक्यात. तू घाईघाईत अंधारात उठून स्वेटर उलटा घातलास आणि दिवसभर तशीच बसलीस, मी तुला एकदाही म्हटलं नाही, ये, नीट करते. खरंच उलटा होता का ग? तुला विचारायचं धाडस होत नाही आणि विचारल्याशिवाय राहवतही नाही.

त्यांनी माफी मागितली नाही. मागतील असंही वाटत नाही. ताट मात्र आता रिकामं परत येत नाही. कधी शेजारच्या मुलाकडून मागवलेला पेरू असतो, काल खिडकीतल्या कुंडीतलं झेंडूचं फूल होतं. त्यानं काय होतं म्हणशील. काही होत नाही. पण ताट येतं, आणि मी ते घेते.

मी नसताना त्यांचं मायावहिनी बघणार आहेत. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "जा तुम्ही. पोळ्या मी टाकीन. पण सांगून ठेवते, प्रेमबिम काही करणार नाही. दोन वेळा खायला, औषध, बस्स." मी म्हटलं, मायावहिनी, एवढं केलंत तरी पुष्कळ, मी तरी याहून जास्त काय करते? रात्री सोबतीला मंडळीतला एक माणूस येणार आहे, पाद्रीसाहेबांनी सोय लावली. दुबेंना सांगितलं तर म्हणाले, "बिटिया के पास जाइए. मैं कहाँ भागा जा रहा हूँ." हा त्यांच्या तोंडून ऐकलेला पहिला विनोद.

तुझी अट मी पाळलेली नाही, मृणाल. ते पुढच्या खोलीत आहेत आणि बहुतेक तिथंच राहतील. त्यांना रस्त्यावर ठेवून तुझ्याकडे आले असते तर तुझ्यासमोर बसता आलं नसतं. पण त्यांचं नाव आधी घेऊन तुझ्याकडे येणं आता मला जमत नाही. पप्पांना वर गेल्यावर समजावीन. ते भले होते, पण त्यांचे डोळे मिटलेले, पोळीकडे बघणारी पोर त्यांनी कधी बघितली नाही.

मनमाडला गाडी बदलून नगरला उतरेन. स्टेशनवर कुणी यायला नको, तुझ्या घरचा पत्ता पाठ आहे. बरोबर डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी आणि ती हिरवी ट्रंक. दुसरी घेतलीच नाही, हिचं कुलूप अजून चांगलं आहे. तुला विचारून येत नाही, तेव्हा दार उघडायचं की नाही ते तुझ्या मनावर. नाही उघडलंस तर बाहेर ट्रंकेवर बसेन. तुला तेव्हा लागली तेवढी थंडी तरी नगरला नसेल.

आणि चहाचा कप घेऊन बाहेर आलीस, तर दोन आण.

आई